'हात आला'मधला सुटलेला ठोका

गिरिजाच्या मुलाचं बारसं झालं ते साल २०४१. पाळण्यात बाळाचं नाव बसवराज ठेवलं, म्हणजे गिरिजाच्या वारलेल्या वडलांचं. बायकांनी कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, कुणीतरी बाळाच्या नाकाचं कौतुक केलं, आणि गिरिजाचे आजोबा विरुपाक्ष हावळ भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. वय एकाहत्तर. बसवराज हा त्यांचा एकुलता मुलगा. तो पंचगंगेत बुडून गेला तेव्हा गिरिजा वर्षाची होती, आणि तेव्हापासून इचलकरंजीच्या त्या घरात ते नाव मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. आता ते दिवसभर कानावर पडणार होतं.

"आप्पा, तोंड पाडून बसू नका," गिरिजा म्हणाली. "आणि आत्ताच सांगून ठेवते, सव्वा महिना झाला की मी परत पोहायला जाणार. बाळाला तुम्ही सांभाळायचं."

"पोहायला कशाला?"

"आवडतं म्हणून. आणि तो पोहण्याचा तलाव आहे, नदी नव्हे."

या काठापासून त्या काठापर्यंत नदी पोहून जाणारा पोरगा शांत पाण्यात बुडालाच कसा, हे त्यांना बावीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यांची बायको नीलव्वा मरेपर्यंत एकच वाक्य बोलायची: "तुम्हीच त्याला पाण्यात सोडलं." पोराला चौथ्या वर्षी पाठीला भोपळा बांधून त्यांनीच पोहायला शिकवलं होतं.

त्याच गडबडीत त्रिशलाचा फोन आला. त्रिशला मगदूम म्हणजे त्यांच्या मित्राची, देवगोंडाची मुलगी. तिची शिरोलीला ओतकामाची फौंड्री होती.

"आप्पा, मिरजेला याल का? बाबांच्या गाण्याबद्दल विचारायचंय. 'हात आला'."

"तूबी आता अर्थ विचारणार होय?" आप्पा दमलेल्या आवाजात म्हणाले.

"मला अर्थ नको. मी जगणार का मरणार, ते विचारायचंय."

आप्पा उठून बाहेर ओट्यावर गेले.

*

'हात आला'चा अर्थ विचारणाऱ्यांना आप्पा कधीचे कंटाळले होते.

गोष्ट साधी होती. इचलकरंजीतल्या यंत्रमागांवर काम करणारी चार पोरं. विरुपाक्ष गायचा, देवगोंडा ड्रम वाजवायचा, अल्ताफ मुजावर गिटार, सुधाकर दातार बेस गिटार. रॉक बँड काढला आणि नाव ठेवलं 'धोटा'. मागावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतो तो धोटा. १९९६ साली त्यांनी 'दुसरी पाळी' नावाची एकच कॅसेट काढली. स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून कापडाच्या गोदामात, ताग्यांच्या थप्प्यांमध्ये बसून. ताग्यांनी आवाज घुमत नाही, हे सुधाकरचं डोकं. त्या कॅसेटवरचं शेवटचं गाणं म्हणजे 'हात आला'.

कॅसेट तेव्हा फारशी खपली नाही. पुढे देवगोंडा गेला, बँड मोडला, आणि मग कुणीतरी ती गाणी इंटरनेटवर चढवली. तिथून लोक वेडे झाले. त्या गाण्यात मध्येच ड्रमचा एक ठोका सुटतो. एकच. छातीत धस्स होतं ऐकणाऱ्याच्या. ठोका परत सुरू होतो, पण त्यानंतर शब्द संपतात. गायक पुन्हा तोंड उघडत नाही. नुसते ड्रम, गिटारचं रडणं, लांबून कुणाचं तरी गुणगुणणं, आणि अगदी शेवटी एक बारीक 'किण्ण'. घंटा वाजल्यासारखं.

कुणी म्हणे सुटलेला ठोका म्हणजे संपात मेलेला कामगार. कुणी म्हणे मृत्यूचा हात आला, म्हणून गायक मुका झाला, आणि शेवटी देवळाची घंटा. देवगोंडा १९९९ साली गेल्यावर तर लोकांनी ठरवूनच टाकलं की त्याला आपलं मरण आधी दिसलं होतं. एका प्राध्यापकानं यावर पुस्तक लिहिलं. जो येईल त्याचं आप्पा ऐकून घेत आणि म्हणत, "असेल." त्या एका शब्दानं माणूस खूश होऊन निघून जाई. आप्पांनी स्वतः ते गाणं देवगोंडा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

*

मिरजेचं ध्वनिवैद्यक केंद्र म्हणजे एका जुन्या दवाखान्यामागची नवी इमारत. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लावल्या होत्या. आप्पांना गोदामाची आठवण झाली, फक्त सुताला लावतात त्या खळीचा वास तेवढा नव्हता.

तिथे दोघं होती. डॉक्टर शर्वाणी टेंबे आवाजाच्या शास्त्रज्ञ, चाळिशीच्या, कुर्त्याच्या बाह्या वर केलेल्या. आणि डॉक्टर जयकुमार उपाध्ये, हृदयाचे. त्रिशला कोपऱ्यात बसली होती. भट्टीसमोर उभं राहून राहून तिचा चेहरा एका बाजूला जरा जास्त रापलेला होता.

"बसा आप्पा," उपाध्ये म्हणाले. "आधीच सांगतो, आम्हा दोघांचं भांडण चालू आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

"मग बोलवलं कशाला?"

"मध्ये पडायलाच," टेंबे म्हणाल्या, आणि त्रिशला पहिल्यांदा हसली.

उपाध्येंनी मुद्द्याला हात घातला. गेल्या वर्षी त्रिशला दोनदा चक्कर येऊन पडली होती. तपासणीत तिच्या एका जनुकात बदल सापडला. त्या जनुकावर हृदयाची वीज चालते. पण तो नेमका बदल जगात फारसा कुणात सापडलेला नाही, त्यामुळे तो घातक आहे की निरुपद्रवी, हे कुणालाच माहीत नाही.

"याला आम्ही अनिश्चित बदल म्हणतो. घातक असेल तर हिचं हृदय कुठल्याही दिवशी बंद पडू शकतं. मग छातीत हृदयरक्षक बसवायचं. छोटं यंत्र असतं, हृदय अडखळलं की विजेचा धक्का देऊन परत चालवतं. गुरुवारची शस्त्रक्रिया ठरवून ठेवली आहे."

"मग बसवा की."

"बसवलं की माझी भट्टी संपली," त्रिशला म्हणाली. "विजेची भट्टी हाय आप्पा. तिच्याभोवती एवढं चुंबक असतं की ते यंत्र बिघडतं. जवळ उभं राहायची बंदी. वीस वर्षं ते लालबुंद लोखंड बघत उभी हाय मी. बदल निरुपद्रवी असेल तर उगीच सगळं सोडायचं. घातक असेल आणि यंत्र नाही बसवलं, तर भट्टीपुढंच मरायचं."

"हिच्या आईत तो बदल नाही, आम्ही तपासलं," उपाध्ये म्हणाले. "म्हणजे तो वडलांकडून आला. वडलांचं हृदय कसं होतं एवढं कळलं, तर निकाल लागला. त्यांना हा आजार असेल तर बदल घातक. नसेल, तर तो बदल अंगात असूनही ते धडधाकट होते, म्हणजे निरुपद्रवी."

"देव्याला जाऊन बेचाळीस वर्षं झाली," आप्पा म्हणाले.

पुढचं सगळ्यांना ठाऊकच होतं. देवगोंडा हातकणंगल्याच्या वळणावर सकाळी मोटारसायकलशेजारी सापडला होता. गाडी घसरून मेला, की हृदय थांबलं म्हणून गाडी घसरली, हे कुणी पाहिलं नव्हतं. शवचिकित्सा झाली नाही. जन्मात कधी दवाखान्यात गेला नव्हता, म्हणून कुठे स्पंदनलेख, म्हणजे ईसीजीही नव्हता.

"त्यांचा स्पंदनलेख आहे," टेंबे म्हणाल्या. "कॅसेटच्या चुंबकी फितीवर आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

*

टेंबेंनी टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"आप्पा, ड्रम वाजवणारा कितीही पक्का असला तरी तो माणूस असतो. हृदय एकदा आवळतं, एकदा सैल पडतं. आवळतं तेव्हा रक्ताचा धक्का बोटांपर्यंत जातो आणि काठी केसभर लवकर पडते. सैल पडतं तेव्हा केसभर उशिरा. कानाला हा फरक कळत नाही, यंत्राला कळतो. एका ठोक्यानं काही ठरत नाही, पण सलग काही मिनिटं वाजवलेलं असेल तर त्या सगळ्या लवकर-उशिरांमधून वाजवणाऱ्याचं हृदय उलगडता येतं. याला आम्ही नाडीउकल म्हणतो."

"सुताच्या गुंत्यातनं टोक काढावं तसं."

"अगदी तसं. शंभरेक जिवंत वादकांवर करून पाहिलंय. छातीला तारा लावून घेतलेला आलेख आणि ठेक्यावरून काढलेला आलेख, दोन्ही जुळतात. आणि गंमत म्हणजे दोन माणसांचे कधी सारखे येत नाहीत. अंगठ्याच्या ठशासारखं आहे ते."

"मग त्या कॅसेटचं कुठलंबी गाणं चाललं असतं. हेच कशाला?"

"बाकीच्या गाण्यांत ठेका देणारं यंत्र कानाला लावून वाजवलंय. तसं केलं की हात यंत्रामागे जातो, हृदयाची खूण पुसली जाते. 'हात आला' तेवढं मोकळं वाजवलंय. का बरं?"

"आठवत न्हाई," आप्पा म्हणाले. खरंच आठवत नव्हतं.

उपाध्येंनी पडद्यावर दोन आलेख आणले. "हा गाण्याच्या पहिल्या भागातला. निरोगी. इतका की मी विद्यार्थ्यांना दाखवीन. आणि हा सुटलेल्या ठोक्यानंतरचा. आवळल्यानंतर हृदयाला पुन्हा विजेनं भरून तयार व्हायला वेळ लागतो. इथे तो वेळ बघा, भलताच लांबलाय. हाच तो आजार. माझं म्हणणं, हा आजार झटक्यानं उठतो. मधेच ठोका सुटला ना, त्याच क्षणी झटका आला. फितीनं तो पकडलाय. माझ्या मते गुरुवारी यंत्र बसवावं."

"आणि मला ते पटत नाही," टेंबे म्हणाल्या. "झटका आला तर आलेख हळूहळू बिघडायला हवा, आणि मागे पहिल्या हृदयाची काहीतरी खूण राहायला हवी. इथे एका ठोक्यात सगळंच बदललंय. पण माझ्याकडे दुसरा खुलासा नाही. एक ड्रम, एक वादक, एक माणूस."

"म्हणून तुम्हाला विचारतो," उपाध्ये आप्पांकडे वळले. "तिथे तुम्ही चौघं होता. आता त्यातले तुम्ही एकटे उरलात. तो ठोका सुटला तेव्हा देवगोंडांना काही झालं होतं का? छातीत कळ, चेहरा पांढरा पडला, हात थांबला?"

तो एक शब्द आप्पांच्या जिभेच्या टोकावर आला होता. कित्येक वर्षांची सवय. डॉक्टर शिकलेला माणूस, त्यानं सगळा विचार करूनच आणला होता, 'असेल' म्हटलं की तो खूश झाला असता आणि आप्पांना तीनची बस मिळाली असती.

त्यांनी त्रिशलाकडे पाहिलं. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. भट्टीच्या ठिणग्यांचे बारके पांढरे डाग होते त्यावर.

"ते गाणं लावा," आप्पा म्हणाले. "मी ऐकलं न्हाई लई वर्षांत."

*

पहिल्यांदा फितीची खरखर आली. मग देवगोंडाचा डावा हात. जड, भरीव, मागाच्या ठोक्यासारखा. आप्पांना तो हजारात ओळखू आला असता. आणि मग एक तरणा, उर्मट आवाज, त्यांचाच:

*माग थांबवू नको गड्या, माझा हात आला*
*उठ आता, घरला जा, माझा हात आला*

"केवढा ओरडायचो मी," आप्पा पुटपुटले.

ठोका सुटला. ड्रम परत सुरू झाले.

आप्पांनी मान वर केली. त्यांनी हातानं खूण केली, परत लावा. टेंबेंनी परत लावलं. ठोका सुटला, ड्रम परत सुरू झाले. उजवा हात जरा मागं रेंगाळत होता. प्रत्येक चौथ्या ठोक्याला पाय ओढल्यासारखा.

आप्पांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. त्याचं मधलं बोट वाकत नव्हतं. विसाव्या वर्षी मागावरचा धोटा उडून बोटावर बसला होता. तेव्हापासून ते बोट तसंच होतं, आणि काठी धरली की दर वेळी थोडी उशिरा पडायची. देवगोंडा त्यावरून जे चिडवायचा ते आप्पा आता मोठ्यानं बोलून गेले, "विरू, तुझा उजवा हात उधारीवर चालतोय."

"हा देव्या न्हाई," आप्पा म्हणाले.

"कोण नाही?"

"ठोका सुटल्यावर वाजवतोय तो. तो मी हाय."

मग उपाध्ये म्हणाले, "आप्पा, गाणं मध्ये थांबलेलं नाही. फीत जोडलेलीही नाही, आम्ही तपासलंय. आणि कॅसेटवर तर देवगोंडांचंच नाव आहे ड्रमला."

"थांबेल कशाला? न थांबवण्याचंच तर गाणं हाय ते." आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "डाक्टरसाहेब, तुम्ही माग कधी चालवला न्हाई. पाळी सुटायची येळ झाली की दुसऱ्या पाळीचा माणूस येतो. माग थांबवायचा नसतो. चालू मागावर जाणाऱ्याच्या हाताशेजारी येणाऱ्यानं हात ठेवायचा आणि मोठ्यानं सांगायचं, 'हात आला'. त्या आवाजात दुसरं काय ऐकू येणार? ते ऐकलं की जाणारा हात काढतो. माग चालूच राहतो. आमच्या पेठेत सगळी असंच करायची. आम्ही ते बँडमध्ये आणलं. कार्यक्रमातलं शेवटचं गाणं असलं की अर्ध्यावर मी ड्रमपाशी जायचो, देव्याच्या मांडीला मांडी लावून बसायचो, आणि तो सरकून उठायचा. ढोल चालूच."

"मग ठोका का सुटला?" टेंबेंनी विचारलं.

"काठ्यांची एकच जोडी होती. देव्यानं मोडक्या मागाच्या लाकडाच्या तासून घेतलेल्या. दुसऱ्या काठ्यांनी वाजवणं त्याला पटायचं न्हाई. त्याच्या हातातनं माझ्या हातात यायला एक ठोका जायचाच. लई सराव केला आम्ही. एकाचा अर्धा कधी झाला न्हाई."

टेंबे हळूच म्हणाल्या, "आणि त्यानंतर शब्द नाहीत, कारण गाणारा..."

"गाणारा ढोलावर बसलाय. तोंडानं गाऊन हातानं वाजवायचं मला जमत नव्हतं. त्यात दुःखाचं काय न्हाई."

"लांबून गुणगुणतंय ते कोण?"

"देव्या. दाराशी चहा आणून ठेवला होता. पाळी सुटल्यावर माणूस चहाच पिणार. ते शेवटी 'किण्ण' वाजतंय बघा, ते त्यानं गिलास खाली ठेवला."

"देवळाची घंटा," त्रिशला म्हणाली. "आप्पा, त्या प्राध्यापकानं आख्खं प्रकरण लिहिलंय घंटेवर!"

"लिहू दे. चांगला माणूस हाय तो."

"आणि ठेक्याचं यंत्र," टेंबेंनी स्वतःशीच जुळवलं, "ते कानाला लावलेलं असतं. मध्येच याच्या कानातून त्याच्या कानात देता येत नाही. म्हणून हे एकच गाणं मोकळं."

"आता आठवलं," आप्पा म्हणाले. "रेकॉर्डिंगवाला त्यावरनं लई भांडला होता."

उपाध्येंना मात्र एवढं पुरेसं नव्हतं. नुसत्या आठवणीवर ते माणसाचा जीव टांगणार नव्हते. त्यांनी टेंबेंकडे पाहिलं. टेंबे उठल्या आणि कपाटातून रबराची एक थाळी आणि दोन काठ्या काढून आप्पांसमोर ठेवल्या.

"पाच मिनिटं वाजवाल?"

"या वयात?"

"उधारीवर चालला तरी चालेल," त्रिशला म्हणाली.

आप्पांनी काठ्या धरल्या. पहिलं मिनिट तर सगळं विस्कटलेलंच गेलं. मग कुठून तरी गोदाम आलं, खळीचा वास आला, मांडीला लागलेली देव्याची मांडी आली, आणि हात आपले आपण चालू लागले. उजवा मागं रेंगाळत.

वाजवून झाल्यावर त्यांना धाप लागली. टेंबेंनी पडद्यावर एकावर एक तीन रेषा आणल्या. पहिल्या भागातली रेषा वेगळी राहिली. दुसऱ्या भागातली आणि आत्ताची, दोन्ही एकमेकींत मिसळून एक झाल्या. म्हातारपणानं नाडी मंद केली होती, पण घडण तीच होती.

"दोन माणसं," टेंबे म्हणाल्या. "एक ड्रम, दोन हृदयं."

त्रिशलाला समजायला एक क्षण लागला. "म्हणजे बाबा..."

"तुझ्या बाबांचं हृदय म्हणजे पहिला आलेख," उपाध्ये म्हणाले. "ठणठणीत. तुझ्या अंगातला बदल त्यांच्यातही होता आणि त्यानं काही केलं नाही. तुला यंत्राची गरज नाही. चक्कर बहुतेक भट्टीच्या उष्म्यानं आली असेल, पाणी जास्त पीत जा. माझं अनुमान चुकलं होतं."

त्रिशलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आप्पा उठून तिच्या डोक्यावर हात ठेवायला निघाले.

"आप्पा, बसा," उपाध्ये म्हणाले.

त्यांचा आवाज ऐकून आप्पा बसले. तेव्हा कुठे त्यांच्याही ध्यानात आलं. दुसरी रेषा कुणाची होती, ते त्यांनीच तर सांगितलं होतं.

"तो आजार माझा हाय."

"हो. काही जण यात म्हातारे होतात, कुणालाच कळत नाही. तुम्ही त्यातले. पण हा आजार घराण्यात उतरतो. तुमच्या घरी कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं?"

"माझा बसू," आप्पा म्हणाले. "पण तो बुडाला."

"पोहता येत नव्हतं?"

"मासा होता."

उपाध्येंनी चष्मा काढला. हे सांगायचं त्यांच्यावर याआधीही आलं असणार, कारण ते फार हळू बोलले. "आप्पा, या आजारात एरवी माणसाला काही जाणवत नाही. पण थंड पाण्यात उडी मारली, जोर लावून हात मारले, की काही जणांचं तिथल्या तिथे थांबतं. लोकांना वाटतं बुडाला. तसे ते बुडालेले नसतात. पाण्यात होते तेव्हा हृदय थांबलेलं असतं."

आप्पांनी आपल्या न वाकणाऱ्या बोटाकडे पाहिलं. नीलव्वा ज्या कोपऱ्यात बसून ते वाक्य बोलायची तो कोपरा त्यांना दिसत होता. तिला आता काय सांगणार, ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. आणि सांगून तरी काय. पाण्यात तर त्यांनी सोडलंच होतं. आणि आता तर ते हृदयसुद्धा त्यांनीच दिलेलं निघालं होतं. बावीस वर्षांचं ओझं उतरलं नाही, नुसतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं.

"त्याला मूलबाळ?" उपाध्येंनी विचारलं.

आप्पा ताडकन उठले. धाप लागलेली असताना उठले.

"गिरिजा. ती पोहते. सव्वा महिना झाला की परत जाणार म्हणते."

त्रिशलानं आधीच फोन काढला होता. पलीकडून बाळाचं रडणं आणि गिरिजाचा वैतागलेला आवाज आला. "काय आप्पा? आत्ता झोपवत होते त्याला."

"पोरी, तलावात जायचं न्हाई."

"परत तेच? आप्पा, किती वेळा..."

"भीतीनं सांगत न्हाई. तुझ्या बापाला काय झालं ते कळलंय मला. बुडाला न्हाई तो. उद्या मिरजेला ये. बाळालाबी आण."

वडलांबद्दल आप्पा आपणहून बोलल्याचं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. "येते," ती म्हणाली.

*

गिरिजाची तपासणी झाली. आजार तिच्यात होता. बाळंतपणानंतरचे महिने यात सगळ्यांत वाईट, असं उपाध्ये म्हणाले. यंत्रासाठी नाव घातलं तर रांग मोठी होती.

"रांग कशाला?" त्रिशला म्हणाली. "गुरुवारची जागा माझीच हाय की. मी उठते, तिला बसवा. माग चालूच राहू दे."

गुरुवारी गिरिजाच्या छातीत हृदयरक्षक बसलं. दाराबाहेर बाळाला मांडीवर घेऊन आप्पा बसले होते. बाळाची तपासणीही झाली होती, त्याच्यात दोष उतरला नव्हता. त्रिशला तिथून सरळ शिरोलीला भट्टीवर गेली.

आप्पांनी स्वतः यंत्र घेतलं नाही. गोळ्या तेवढ्या घेतल्या, त्याही आठवण केल्यावर. "एवढी वर्षं चाललंय, आता कशाला त्याला धाक दाखवायचा," म्हणाले.

पुढच्या वर्षी कोल्हापूरहून एक तरुण 'हात आला'चा अर्थ विचारायला आला. या वेळी आप्पांनी 'असेल' म्हटलं नाही. त्यांनी मागाची पाळी, काठ्यांची एकच जोडी, दाराशी ठेवलेला चहा, सगळं नीट सांगितलं. तरुणानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नाराज झाला.

"पण आप्पा, एवढंच असेल तर तो ठोका सुटतो तेव्हा आम्हाला रडू का येतं?"

"ते मला न्हाई माहीत," आप्पा म्हणाले. "मी वाजवत होतो. मला ऐकायला सवड नव्हती."

आत बाळ उठलं होतं. गिरिजानं हाक मारली, "बसवराज!" आणि आप्पा बाळाला घ्यायला उठले.

देवगोंडा मगदूम १९९९ साली हातकणंगल्याच्या वळणावर गाडी घसरून वारला. बसवराज विरुपाक्ष हावळ २०१९ साली मे महिन्यात पंचगंगेत पोहताना हृदय थांबून वारला. तो बुडाला नव्हता. विरुपाक्ष हावळ २०४३ च्या फेब्रुवारीत घरी, दुपारी झोपेत वारले.